कोंबडी गप बसली तर : आजार ओळखावा कसा आणि पहिल्या दिवशी काय करावे



आपल्या मंडळाच्या बऱ्याच सभासदांची मुले आज पुणे, मुंबई, गोवा, बेंगळुरू अशी विखुरलेली आहेत. तरी येळ्ळूरच्या घरी परसात पाच-दहा गावठी कोंबड्या अजून फिरत असतात. संध्याकाळच्या फोनवर आई सांगते, "तांबडी कोंबडी खाईना, सकाळधरनं गप बसल्या." पलीकडून मुलगा म्हणतो, "बघूया उद्या, होईल बरी." आम्हीही एकदा असेच 'उद्या बघू' म्हटले होते. त्याची किंमत काय पडली ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे सारे का लिहिले ते कळेल.

आम्ही पशुवैद्य नाही. आमचे आयुष्य बँकेच्या टेबलामागे गेले. निवृत्तीनंतर गावी आलो आणि आम्ही दोघांनी बारा कोंबड्या पाळल्या. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर नातवंडे येणार म्हणून आठवडी बाजारातून आणखी दोन तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडल्या. सहाव्या दिवशी त्यातली एक पिसे फुलवून कोपऱ्यात बसली. सर्दी असेल म्हणून लसूण-हळद दिली आणि सोडून दिले. तिसऱ्या दिवशी तिची शीट हिरवी आणि पातळ झाली. चौथ्या दिवशी तिची मान पिळल्यासारखी वळली. पुढच्या नऊ दिवसांत चौदापैकी अकरा कोंबड्या गेल्या.

त्याहून वाईट पुढे घडले. कुंपणापलीकडच्या वहिनींच्या नऊ कोंबड्यांपैकी आठ गेल्या. आमच्या कोंबड्या त्यांच्या परसात चरायच्या आणि त्यांच्या आमच्याकडे यायच्या. त्यांच्या मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अंड्यांच्या पैशातून निघायचा. आम्ही पैसे देऊ केले, पण त्यांनी घेतले नाहीत. "तुम्ही काय मुद्दाम केलासा काय?" एवढेच म्हणाल्या. मुद्दाम केले नव्हते हे खरे. पण ठाऊक करून घेतले नव्हते, हेही खरेच.

त्यानंतर आम्ही सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून, वाचून आणि अनुभवाने जे शिकलो ते येथे क्रमाने मांडत आहोत.

कोंबडी आजार लपवते

पहिली गोष्ट ही की कोंबडी आपला आजार शेवटपर्यंत दाखवत नाही. कळपात जी अशक्त दिसते तिला बाकीच्या टोचतात आणि घार-मुंगूस तिच्यावरच आधी झडप घालतात. त्यामुळे अंगात बळ आहे तोवर ती चालत राहते, दाणे टिपल्यासारखे करते. ती आपल्याला आजारी दिसते तेव्हा आजार बहुधा एक-दोन दिवस जुना असतो.

बँकेत कर्जखाते एका दिवसात बुडत नाही. आधी एखादा हप्ता चार दिवस पुढे जातो, मग खातेदार रस्ता बदलून जाऊ लागतो. ज्याने ही चिन्हे पाहिली त्याचे खाते वाचते. कोंबडीची तशीच लहान चिन्हे अशी :

- सकाळी खुराड्याचे दार उघडल्यावर ती शेवटी बाहेर येते, किंवा येतच नाही.
- दाणे टाकल्यावर धावत येत नाही. येते, चोच खाली नेते, पण उचलत नाही.
- तुऱ्याचा लाल रंग फिका, पिवळट किंवा काळपट-निळसर दिसतो.
- मान आखडून, पिसे फुलवून, डोळे मिटून उभी राहते. शेपूट खाली आणि पंख लोंबते.
- अंडी अचानक बंद होतात, किंवा मऊ कवचाची पडतात.

यासाठी दररोज दोन मिनिटे पुरतात. सकाळी दार उघडताना आणि संध्याकाळी मोजून आत घेताना बघायचे. मोजणे तर आपण करतोच, त्याबरोबर प्रत्येकीचा तुरा आणि डोळा पाहावा.

आजारी की नुसती खुडूक?

गप बसलेली प्रत्येक कोंबडी आजारी नसते. खुडूक कोंबडी दिवसभर अंड्यांवर फुगून बसते, पण जवळ गेलो की कुरकुरते, टोचायला येते आणि तिचा डोळा तरतरीत असतो. दिवसातून एकदा उठून खाते आणि एकदम मोठी, घाण वासाची शीट टाकते. तो आजार नव्हे. पिसे गाळण्याच्या दिवसांतही कोंबडी केविलवाणी दिसते आणि अंडी देत नाही, पण खाणे चालू असते. एप्रिल-मेच्या उन्हात चोच उघडून धापा टाकणे हे उष्म्याने होते. सावलीत, थंड वेळी, शांत बसलेली असताना चोच उघडून श्वास घेत असेल तर मात्र ते धोक्याचे आहे.

सोपी परीक्षा म्हणजे जवळ जाऊन हात पुढे करावा. जी उठत नाही, पळत नाही, टोचत नाही आणि सहज हातात येते, ती आजारी समजावी.

हातात घेऊन तपासणी

संध्याकाळी अंधार पडताना कोंबडी शांत असते. दोन्ही पंख अंगाशी धरून तिला मांडीवर घ्यावे आणि वरून खाली याप्रमाणे पाहावे.

*डोळे आणि नाक.* पाणी, फेस, सूज आहे का? चोचीच्या फटीतून आत पाहावे. पिवळसर पापुद्रे किंवा चिकट लाळ दिसते का? कानाजवळ धरून श्वास ऐकावा. घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का?

*गळ्याखालची दाण्याची पिशवी.* संध्याकाळी ती भरलेली असते आणि सकाळी रिकामी झालेली असली पाहिजे. सकाळीही टणक गोळा लागला तर दाणा किंवा गवत अडकले आहे. पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागली आणि चोचीला आंबूस वास आला तर आतले अन्न कुजते आहे.

*छातीचे हाड.* दोन्ही बाजूंना मांस भरलेले हवे. हाड चाकूच्या धारेसारखे लागले तर आजार जुना आहे. जंत, उवा किंवा अन्य काही बरेच दिवस तिला खात आहे.

*पोट आणि शेपटाखालची जागा.* शीट चिकटलेली आहे का? पोट पाण्याने तटतटलेले आहे का? आत अंड्याएवढा कठीण गोळा लागतो का? पिसे बाजूला करून कातडीवर उवा आणि पिसांच्या मुळाशी त्यांच्या अंड्यांचे पुंजके पाहावेत.

*पाय.* तळव्याला काळी खपली असलेले गळू आहे का? नडगीवर लाल डाग आहेत का? दोन्ही पायांत सारखे बळ आहे का?

शेवटी *शीट* पाहावी. निरोगी शीट तपकिरी-हिरवट असून वर पांढरी टोपी असते. मधूनमधून एखादी तपकिरी, चिकट, फार घाण वासाची पडते, तीही नेहमीचीच. गडद हिरवी आणि पाण्यासारखी, रक्त मिसळलेली किंवा पिवळी फेसाळ शीट हे आजाराचे लक्षण आहे.

हे सारे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. आमची सवय म्हणून नव्हे. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो "कधीपासून?" हा, आणि त्याचे उत्तर घरात प्रत्येकजण वेगळे देतो.

पहिल्या तासात करायच्या चार गोष्टी

आजार कोणता हे कळो न कळो, या चार गोष्टी लगेच कराव्यात.

*१. वेगळी करा.* डालग्याखाली झाकून ठेवणे पुरेसे नाही, कारण बाकीच्या कोंबड्या डालग्याभोवतीच दाणे टिपतात. खोका किंवा टोपली घेऊन दुसऱ्या खोलीत, गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे. तिचे भांडे वेगळे हवे. आधी निरोगी कोंबड्यांचे काम करावे, आजारी कोंबडीचे शेवटी. मग हात साबणाने आणि चप्पल धुवाव्यात. आम्ही हे केले असते तर वहिनींच्या कोंबड्या कदाचित वाचल्या असत्या.

*२. ऊब द्या.* कोंबडीच्या अंगाचे तापमान माणसापेक्षा जास्त, सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सियस असते. खाणे बंद झाले की ते टिकवताना तिची शक्ती संपते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर भिजलेली कोंबडी गारठ्यानेच जाते. खोक्यात कोरडे तूस किंवा पोती घालून एका बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवावी, किंवा जुना पिवळा बल्ब हातभर उंचीवर लावावा. बल्ब तुसाला आणि कापडाला लागणार नाही असा पक्का बांधावा. दुसरी बाजू थंड राहू द्यावी, म्हणजे नको झाले की तिला सरकता येते.

*३. पाणी द्या.* अन्नाआधी पाणी. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात मिसळून ठेवावी आणि रोज नवी करावी. पीत नसेल तर चोचीचे टोक पाण्यात बुडवावे किंवा चोचीच्या कडेला थेंब-थेंब सोडावा. चोच उघडून आत पाणी ओतू नये. जिभेच्या मागेच श्वासनलिकेचे तोंड असते. आपण ओततो ते फुप्फुसात जाते आणि आजाराने न मरणारी कोंबडी आपल्या हाताने मरते.

*४. हलके खाणे द्या.* पाणी पिऊ लागली की मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा भिजवलेले खाद्य थोडे थोडे द्यावे. गळ्याची पिशवी टणक किंवा फुगलेली असेल तर दाणे बंद आणि फक्त पाणी. तशी पिशवी दुसऱ्या दिवशीही रिकामी झाली नाही तर दवाखाना गाठावा. उलटे धरून पिशवी पिळण्याचा प्रकार करू नये.

आपल्याकडे वारंवार दिसणारे आजार

*रक्ती हगवण.* तीन ते आठ आठवड्यांची पिल्ले, पावसाळा आणि खुराड्यातले ओले तूस हे तिन्ही जुळले की हा आजार येतो. पिल्ले पंख सोडून घोळक्याने बसतात, शीट रक्ताची होते. याच्यावर पाण्यातून द्यायचे औषध आहे आणि वेळेवर दिले तर चांगला गुण येतो. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत. तूस पूर्ण बदलावे, नाहीतर औषध थांबले की आजार पुन्हा येतो.

*देवी.* तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला खपल्या-फोड येतात. डासांमुळे पसरते, म्हणून पावसाळ्यात जास्त. खपल्या ओढून काढू नयेत. वरून आयोडीनचे औषध लावावे, डोळे स्वच्छ ठेवावेत. बहुतेक कोंबड्या तीन-चार आठवड्यांत बऱ्या होतात. तोंडात पिवळे पापुद्रे धरले आणि गिळता येईना तर मात्र जिवावर बेतते. देवीलाही लस आहे.

*अंडे अडकणे.* कोंबडी शेपूट खाली करून, अंग उभे धरून चालते, पुन्हा पुन्हा कळ देते आणि पोटात गोळा लागतो. कोमट पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटे बसवावे, कोरडे करून शेपटाखाली थोडे खोबरेल लावावे आणि उबदार, अंधाऱ्या जागी ठेवावे. काही तासांत सुटले नाही तर डॉक्टर. अंडे आतच फोडू नये. कवचाचे तुकडे आतून कापतात.

*उवा, कोळी आणि जंत.* तुरा फिका, वजन कमी, अंडी कमी. तांबडे बारीक कोळी दिवसा कोंबडीवर सापडत नाहीत. खुराड्याच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. रात्री विजेरी घेऊन पाहावे. फटींत चुना भरावा, कोंबड्यांना धुळीत लोळायला कोरडी जागा आणि राख ठेवावी. जंताचे औषध डॉक्टरांना विचारून ठरावीक काळाने द्यावे.

*विषबाधा.* आपल्या शिवारात धूळवाफ पेरणीच्या दिवसांत औषध लावलेले बियाणे अंगणात सांडते. उंदराचे औषधही कोपऱ्यात असते. चांगल्या चार-पाच कोंबड्या एकाच दुपारी लाळ गाळत, थरथरत पडल्या तर आधी विषाचा संशय घ्यावा. औषधाचे पाकीट घेऊनच दवाखान्यात जावे.

मानमोडी : औषध नसलेला आजार

आमच्या घरी आला तो हा. याला राणीखेत असेही म्हणतात. १९२६ मध्ये तो इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आणि जावा बेटावर ओळखला गेला. लगेच पुढच्या वर्षी आपल्या देशात कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत येथे आढळला, म्हणून आपल्याकडे हे नाव पडले. इंग्रजी पुस्तकांत तो न्यूकॅसल या नावाने आहे.

लक्षणे अशी : एकदम मंदपणा, चोच उघडून धाप, खोकल्यासारखा आवाज, हिरवी पातळ शीट, चेहऱ्यावर सूज. मग पाय-पंख लुळे पडतात, मान वळते, कोंबडी गोल फिरते. काही कोंबड्या यातले काहीच न दाखवता सकाळी मेलेल्या सापडतात. लस न दिलेल्या कळपात दहापैकी नऊ जाणे हे नवल नाही. जगलेल्या एखादीची मान कायमची वाकडी राहते. आमच्या तिघींपैकी एकीची तशी राहिली.

हा विषाणूचा आजार आहे आणि विषाणू मारणारे औषध याच्यावर नाही. डॉक्टर प्रतिजैविक देतात ते वरून होणाऱ्या दुसऱ्या संसर्गासाठी, मानमोडीसाठी नव्हे. ऊब, पाणी आणि वेगळे ठेवणे एवढेच आपल्या हाती असते. खरा उपाय आजार येण्याआधीचा आहे, तो म्हणजे लस. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

हा विषाणू शीट, पिसे, खाद्याचे पोते, अंड्यांचे ट्रे, टोपली आणि आपल्या चपला यांवरून पसरतो. आजारी कोंबडी हाताळून तोच हात डोळ्याला लावला तर माणसाचे डोळे काही दिवस लाल होतात, म्हणून हात धुवावेत.

बर्ड फ्लूचा संशय आला तर

आपल्या देशात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला सापडला. आपल्या कर्नाटकातही २०१२ मध्ये बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथे आला होता. एकाच वेळी अनेक पक्षी मरणे, तुरा निळा-काळा पडणे, डोके सुजणे, नडगीवर रक्ताचे डाग ही त्याची चिन्हे. पण मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखणे डॉक्टरांनाही कठीण असते, त्याला प्रयोगशाळेची तपासणीच लागते. म्हणून दोन दिवसांत दोन-तीन कोंबड्या गेल्या तर घरी निदान करत बसू नये. मेलेली कोंबडी फाडून पाहू नये, मुलांना दूर ठेवावे, तोंडाला फडके बांधावे आणि दवाखान्याला कळवावे.

जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे असा संशय आल्यास ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्या यादीत मानमोडीही आहे आणि बर्ड फ्लूही. "कळवले तर सगळ्या कोंबड्या नेतील" या भीतीने लोक गप्प बसतात. ती भीती आम्हाला समजते. पण गप्प बसल्याने आजार थांबत नाही, तो फक्त शेजारच्या घरी जातो.

दवाखान्यात जाताना

"कोंबडीला कसला डॉक्टर" असे म्हणणारे आम्हालाही भेटले. कोंबडी पाचशेची आणि रिक्षा दोनशेची, हा हिशेब एका कोंबडीपुरता बरोबर दिसतो. पण प्रश्न उरलेल्या तेराजणींचा आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्यांचा असतो. तो हिशेब मांडला तर रिक्षा स्वस्त पडते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, तेथेही विचारून पाहावे.

सोबत वही, शीटीचा नमुना झाकणाच्या डबीत आणि मोबाइलवर कोंबडीच्या चालण्याचे किंवा श्वासाचे चित्रीकरण न्यावे. आपल्या भागातले बरेच डॉक्टर मराठी समजून घेतात, पण फलक आणि कागद कन्नडमध्ये असतात आणि नवे डॉक्टर दूरच्या जिल्ह्यातून आलेले असू शकतात. म्हणून चार शब्द ठाऊक असावेत. कन्नडमध्ये कोंबडीला 'कोळी', लसीला 'लसिके', हगवणीला 'भेदी', मानमोडीला 'कोक्करे रोग' आणि बर्ड फ्लूला 'हक्की ज्वर' म्हणतात. आमच्या नातवाने 'कोळी' ऐकून मासे पकडणारा कोळी कुठे दिसतो ते दवाखानाभर पाहिले होते.

औषधांबाबत तीन गोष्टी

पहिली, घरातली माणसांची उरलेली गोळी अर्धी करून देऊ नये. आजार विषाणूचा असेल तर तिचा उपयोग नाही. जंतूचा असेल तर अर्धवट मात्रेने जंतू निर्ढावतात, आणि तेच पुढे माणसालाही बाधतात. याच कारणाने केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्या-जनावरांना देण्यावर बंदी घातली.

दुसरी, औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या कोंबडीची अंडी खाऊ नयेत, विकू नयेत.

तिसरी, लसूण, हळद, आले यांनी अपाय होत नाही, हे खरे. अपाय होतो तो त्यांच्या भरवशावर घालवलेल्या तीन दिवसांनी. आम्ही नेमके तेच तीन दिवस घालवले.

मरण्याआधी विकू नका

हे लिहायला अवघड वाटते, पण लिहिले पाहिजे. कोंबडी बसली की "मरायच्या आत सुरी लावा" किंवा "बाजारात नेऊन मोकळे व्हा" असा सल्ला घरोघरी मिळतो. आमच्या त्या दोन तलंगा कोणाच्या तरी अशाच मोकळे होण्यातून आमच्याकडे आल्या असाव्यात. विकणाऱ्याचे काही रुपये वाचले, पण आमच्या गल्लीतल्या एकोणीस कोंबड्या गेल्या.

आजारी किंवा औषध चालू असलेली कोंबडी खाऊ नये आणि पाहुण्याला घालू नये. कोंबडी वाचणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आणि ती तडफडत असेल तर तिला त्रासातून कसे सोडवावे हेही त्यांनाच विचारावे. मेलेली कोंबडी नाल्यात, उकिरड्यावर किंवा रस्त्याकडेला टाकू नये. कुत्री ती ओढून चार घरे फिरवतात. विहिरीपासून दूर, कमीत कमी तीन फूट खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरावी. खुराड्यातले तूस आणि शीट गोळा करून पुरावे, जागा धुऊन चुन्याने सारवावी आणि मगच पुढचा विचार करावा.

नव्या कोंबड्या आणल्या तर तीन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. चांगळेश्वरीच्या यात्रेच्या आधी पाहुण्यांसाठी घरोघरी कोंबड्या विकत येतात आणि चार-आठ दिवस परसात राहतात, तेव्हा हे विशेष सांभाळावे.

लस आणि गल्लीची बाटली

मानमोडीच्या लसीची सर्वसाधारण पद्धत अशी : पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा किंवा एफ-१ लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लस पंखाखाली कातडीत टोचतात. ही लस राणीखेतप्रमाणेच कुमाऊँमध्ये असलेल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकात तयार झालेल्या विषाणूवाणापासून बनते. पुढे मोठ्या कोंबड्यांना किती महिन्यांनी पुन्हा द्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. लस फक्त निरोगी कोंबडीला देतात. आजार घरात शिरल्यावर दिलेली लस औषधाचे काम करत नाही.

मग लोक देत का नाहीत? आम्हाला दिसलेले कारण साधे आहे. लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात. ती २ ते ८ अंशांत थंड ठेवावी लागते आणि एकदा मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी एवढी बाटली कोण आणणार? म्हणून कोणीच आणत नाही.

यावर उपाय आपल्याकडे आधीपासून आहे. भिशी आपण वर्षानुवर्षे चालवतो, तशीच बाटलीची भिशी करायची. त्या पावसाळ्यानंतर आमच्या गल्लीतल्या सात घरांनी ते सुरू केले. आधी कोणाकडे किती कोंबड्या ते वहीत लिहिले. डॉक्टरांना विचारून तारीख ठरवली. आदल्या संध्याकाळी सर्वांनी कोंबड्या कोंडून ठेवल्या. सकाळी लवकर बर्फाच्या थर्मासमधून बाटली आणली आणि उन्हे तापायच्या आत सातही घरे संपवली. खर्च कोंबड्यांच्या संख्येप्रमाणे वाटला. तो प्रत्येक कोंबडीमागे एका अंड्याच्या किमतीपेक्षा कमी आला. घरून घरी जाताना हात आणि चपला धुवायचा नियम वहिनींनी घातला आणि त्याच तो पाळून घेतात.

गेल्या दोन पावसाळ्यांत आमच्या गल्लीत मानमोडी आली नाही. एवढ्याने लसीची हमी सिद्ध होते असे आम्ही म्हणणार नाही. पण दार उघडल्यावर कोंबड्या धावत बाहेर येतात आणि वहिनींच्या परसातही पुन्हा दहा-बारा झाल्या आहेत.

बाहेरगावी असलेल्या सभासदांनी हा लेख घरी वाचून दाखवावा आणि फोनवर "कोंबडी खाईना" असे ऐकले तर "उद्या बघू" न म्हणता "आधी वेगळी करा, ऊब द्या, पाणी द्या" एवढे सांगावे. गावातल्या दुसऱ्या गल्ल्यांना बाटलीची भिशी सुरू करायची असेल तर वहीचा नमुना आमच्याकडे आहे. थर्मासही आहे. सकाळी सातच्या आत नेला तर बर्फही देऊ.